घासाच्या वाफ्यातील तण आणि पालघरचे गवत



उसातील तणाविषयी या पत्रिकेतून पुष्कळ लिहून झाले आहे. लागणीनंतर पहिले तीन-चार महिने ऊस तणविरहित ठेवा, हे वाक्य आता शाळकरी पोरंसुद्धा म्हणून दाखवतील. म्हणून या खेपेस आम्ही उसाविषयी लिहीत नाही. उसाच्या कडेला, विहिरीजवळ किंवा गोठ्यामागे जो पाच-दहा गुंठ्यांचा घासाचा वाफा असतो, त्याविषयी लिहितो. या वाफ्याची नोंद आमच्या शेतकी खात्याच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही. गट कार्यालयात कुणी त्याची चौकशी करीत नाही. पण घरातील बाईमाणसाला विचारा, प्रपंच कशावर चालतो ते. उसाचे बिल येते तेव्हा येते. त्यातून सोसायटी वळती होते आणि उरलेल्याला वाटा आधीच फुटलेल्या असतात. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी हातात पडतो.

हंगामात वाढे फुकट मिळते म्हणून आपण जनावरापुढे वाढ्याचे भारेच्या भारे टाकतो. नुसत्या वाढ्यावर गाय जगेल, दूध देणार नाही. वाढ्यात प्रथिने कमी. शिवाय त्यातील ऑक्झालेटमुळे जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधले जाते, ते वेगळेच. ही तूट भरून काढतो तो लसूणघास. त्यात शेकडा अठरा ते वीस प्रथिने असतात. एकदा पेरला की पन्नास-साठ दिवसांनी पहिली कापणी, पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी कापणी, आणि नीट राखला तर तीन वर्षे पाहायला नको. नीट राखला तर, हे महत्त्वाचे.

यंदा हिवाळ्यात गटागटांतून एकच तक्रार आली. घासावर पिवळे दोरे चढलेत, घास बसत चाललाय, औषध सांगा. हे पिवळे दोरे म्हणजे अमरवेल. काही ठिकाणी अमरवेल नाही, पण घासापेक्षा हरळी आणि गाजर गवतच जास्त. सगळ्यांचा प्रश्न एकच, औषध कोणतं? आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा प्रश्न औषधाचा नाहीच. तो बियाण्याचा आहे आणि तारखेचा आहे. हे मत पुष्कळांना आवडणार नाही, कारण औषधाची बाटली दुकानात मिळते, तारीख पाळावी लागते.

तारखेची गोष्ट कळायला आम्हाला पालघरचे उदाहरण फार उपयोगी वाटते. दिवाळीनंतर आमच्या ऊस विकास विभागातील चौघे पालघर, बोईसर, तारापूर या भागात जाऊन आलो. ऊस पाहायला कोणी पालघरला जात नाही. तो भाताचा, चिकूचा आणि गवताचा मुलूख. आपण गवत म्हटले की उपटून टाकायची वस्तू समजतो. तिकडे गवत हे पीक आहे. खाचरात भात आणि वरकस माळावर गवत, अशी तिथली वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. पाऊस संपला, गवत पिकले की कापायचे, वाळवायचे, दाबून त्याच्या गठड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, पूर्वी रेल्वेने आणि पुढे ट्रकने. या गवताची किंमत किती होती याची खूण इतिहासातच आहे. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव, पालघरकडचे वारली बांधव गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी गवत कापणीच्या मजुरीची होती. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याच्या कापणीच्या दरावरून.

आता त्याच माळांवर काय दिसते? रस्त्यापासून आत गेलो तर चांगला माळ अजून आहे. मारवेल, पवन्या, डोंगरी गवत कमरेएवढे उभे. पण बोईसरकडे येऊ लागलो तसे चित्र पालटत गेले. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, कापणीचा गडी कारखान्यात गेला. त्याचे चुकले असे कोण म्हणेल? महिन्याचा पगार सोडून उन्हात विळा कोण चालवील? पण माळ कापायचा राहिला. शिवाय रस्ते, इमारती, रेल्वेचा नवा मार्ग यांसाठी माती इकडची तिकडे झाली आणि मातीबरोबर बी गेले. जिथे कापणी वेळेवर होत नाही आणि जिथे माती उकरली गेली, नेमके तिथेच टाकळा, रानमोडी, घाणेरी आणि रानतुळस दाटलेली आम्ही पाहिली. कडेला वणवा लागून गेलेल्या पट्ट्यात कुसळीच कुसळी. कुसळीला आगीचे भय नाही, तिचे कुसळ मात्र जनावराच्या तोंडात रुतते.

एका वयस्कर शेतकऱ्याने माळाची बाजू दाखवून सांगितले, "हा पट्टा आम्ही दर साली कापतो, तो आमच्या भावकीतला कुणी कापत नाही." मधे बांधसुद्धा नव्हता. एकीकडे गवत, एकीकडे टाकळा. जमीन तीच, पाऊस तोच.

टाकळ्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या पावसानंतर कोवळा टाकळा बाजारात जुड्या बांधून विकायला येतो आणि त्याची भाजी फार रुचकर होते. लसूण-मिरचीची फोडणी आणि वर ओलं खोबरं. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात. दाट उगवलेला टाकळा गाजर गवताला डोके वर काढू देत नाही, हाही त्याचा एक गुण. पण तो वाढला की जनावर त्याला तोंड लावत नाही आणि शेंगा तडकल्या की पुढच्या साली दसपट. म्हणजे टाकळ्याचे तण होणे किंवा भाजी होणे हे फक्त तारखेवर अवलंबून आहे.

हीच गोष्ट वन खात्यालाही मेळघाटात शिकावी लागली. व्याघ्र प्रकल्पातील बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बाहेर वसवली गेली. मागे राहिलेल्या शेतांवर चितळ-सांबरांसाठी कुरणे व्हावीत असा हेतू. नुसती जमीन सोडून दिली तर गवत येते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पडीक शेतावर आधी तरोटा, घाणेरी, रानतुळस, गाजर गवत हीच मंडळी येतात, आणि हरणाला यांतले काही चालत नाही. तेव्हा पावसाळ्यात, जमीन ओली असताना आणि फुले धरण्याआधी, मजूर लावून हे तण मुळासकट उपटायचे, चांगल्या गवताला बी धरू द्यायचे, असे वर्षानुवर्षे करावे लागले. चिखलदऱ्याचे गवत-अभ्यासक प्रा. गजानन मुरतकर यांनी या कामात मोठा वाटा उचलला. तिथे तणनाशकाचा फवारा मारून भागण्यासारखे नव्हते, कारण चरणारे जनावर दुसऱ्या दिवशी तिथेच येणार. आपल्या घासाच्या वाफ्याचे तरी वेगळे काय आहे? आज फवारले आणि उद्या सकाळी सूनबाईने भारा कापून गाईपुढे टाकला, तर ते कुठे जाणार? दुधात.

अमेरिकेत तर हौशी लोक हरणांसाठी मुद्दाम वाफे पेरतात. आपल्याकडे हरीण शेतात आले तर आपण फटाके लावतो, तिकडे ते यावे म्हणून पैसे खर्च करतात. असो. हे वाफे ते क्लोव्हरचे पेरतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचेच भाऊबंद. बरसीम विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधून सिंधमध्ये आले आणि तिथून उत्तरेत पसरले. आपल्याकडे थंडी थोडी म्हणून ते रबीपुरते, आपला भरवसा लसूणघासावर. पण तण सगळीकडे तेच दुखणे. तिकडच्या लोकांचा पहिला उपाय कापणी हाच आहे. तण उंच होऊन फुलोऱ्यावर आले की यंत्राने शेंडे कापून टाकायचे. क्लोव्हर खालून फुटते, तणाचे बी धरायचे राहते. औषध नंतर, आणि तेही निवडक, म्हणजे गवतवर्गातील तण मारणारे वेगळे आणि रुंद पानांचे मारणारे वेगळे.

यातली एक गोष्ट आपल्या सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. तिकडे घासवर्गीय पिकात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डीबी नावाचे औषध वापरतात. आपल्या दुकानात मिळते ते टू-फोर-डी. नावात एका अक्षराचा फरक, परिणामात जमीन-अस्मानाचा. डीबी हे औषध तणाच्या अंगात गेल्यावर डी होते आणि तण मरते. घासाच्या अंगात हा बदल फारसा होत नाही म्हणून घास वाचतो. सरळ टू-फोर-डी मारले तर घास स्वतःच रुंद पानाचा, तोच आधी माना टाकील. उसात मारतानासुद्धा वारा घासाकडे, द्राक्षाकडे, टोमॅटोकडे वाहत असेल तर पंप खाली ठेवावा. शेजाऱ्याच्या द्राक्षाची पाने वाकडी झाली की भांडण कोर्टात जाते आणि ऊस तसाच राहतो.

आता अमरवेल. हिला खरे मूळ नाही, पान नाही. बी उगवले की एक दोरा निघतो आणि आधार शोधतो. काही दिवसांत घासाची काडी सापडली नाही तर तो दोरा वाळून जातो. सापडली तर काडीला विळखा घालून तिच्यात शोषक रुतवतो, जमिनीशी नाते तोडतो आणि पुढे घासाच्याच जिवावर वाढतो. म्हणून तो उपटून उपयोग नाही. उपटताना तुटलेला तुकडा दुसऱ्या काडीवर पडला की तिथे पुन्हा धरतो. खुरपणीत निघालेले दोरे बांधावर फेकणे म्हणजे तर पेरणीच. एका वाफ्यात ताटाएवढा पिवळा डाग दिसला की त्याच्या चहूबाजूंनी दोन-दोन हात चांगला घास धरून, अगदी जमिनीलगत कापावा, तिथल्या तिथे वाळवून जाळावा. दोन हात चांगला घास जातो म्हणून जीव कळवळतो, हे आम्हाला कळते. पण फक्त पिवळे तेवढे कापणाऱ्याच्या वाफ्यात पंधरा दिवसांनी तो डाग खाटेएवढा होतो, हे आम्ही यंदा चार गावांत पाहिले.

अमरवेलीचे बी कठीण कवचाचे. जमिनीत दहा-दहा वर्षे निजून राहते. जनावराच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडते, शेणात जाते, उकिरड्यात जाते आणि अर्धवट कुजलेल्या खताबरोबर पुन्हा शेतात येते. म्हणून बी धरलेली अमरवेल जनावराला घालू नये. फुलण्याआधी कापलेला घास खुशाल घालावा.

ज्या वाफ्यात अमरवेल सर्वत्र झाली आहे, तो मोडावा. आमचे म्हणणे कडू लागेल, पण फवारणीवर पैसा घालून तो वाफा वाचत नाही. त्यात ऊस, मका, ज्वारी किंवा गजराज गवत घ्यावे. या गवतवर्गीय पिकांवर अमरवेलीचे चालत नाही. उगवलेला दोरा उपाशी मरतो. नवा घास दुसऱ्या तुकड्यात पेरावा. इथे आपले उसाचे रान घासाच्या उपयोगी पडते, कारण ऊस निघालेल्या रानात अमरवेलीचा जोर बराच कमी झालेला असतो.

पण उसाच्या रानातही एक अडचण आहे. उसात ॲट्राझिन मारलेले असेल तर त्याचा अंश काही महिने जमिनीत राहतो. उसाला त्याचे काही वाटत नाही, कोवळ्या घासाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून जळतात आणि सभासद म्हणतो बियाणे बोगस. बियाण्याला शिव्या देण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. त्या रानातील वरच्या वितीतील माती दोन-तीन कुंड्यांत भरावी, बिगर फवारणीच्या बांधाची माती एका कुंडीत भरावी, सगळ्या कुंड्यांत घासाचे बी टाकून पाणी द्यावे. तीन आठवडे थांबावे. रानातल्या मातीतली रोपे पिवळी पडली आणि बांधाच्या मातीतली हिरवी राहिली, तर या हंगामात तिथे घास नको, मका घ्या. याला खर्च मूठभर बियाण्याचा.

पेरताना फोकून पेरू नका. एक फुटावर ओळीने पेरा, हेक्टरी पंचवीस किलोच्या हिशेबाने, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. ओळीत असला की सुरुवातीच्या महिन्यात कोळपे चालते. घास लहानपणी फार सावकाश वाढतो आणि तण नेमके तेव्हाच त्याला दाबते. या पहिल्या महिन्यात एक-दोन खुरपण्या केल्या आणि पहिली कापणी वेळेवर घेतली तर बहुतेक वर्षायू तण त्या कापणीतच संपते. उरते ती हरळी आणि लव्हाळा. ती मात्र पेरणीपूर्वीच उन्हाळ्यात नांगरटीने उघडी पाडून, काशा वेचून काढल्याशिवाय जात नाही. ट्रॅक्टरचा फाळ एका रानातून दुसऱ्या रानात जाताना धुतला तर निम्मे काम होते. कुणी धुवत नाही.

काही सभासद म्हणतात, तण ऊसतोडणी टोळ्यांच्या बैलांबरोबर येते. हे आम्हाला पटत नाही. टोळीचा बैल आपल्याच शिवारातले वाढे आणि गवत खातो, त्याच्या शेणात आपलेच बी असते. बाहेरून काही येत असेल तर ते आपण आठवडे बाजारातून मापाने आणलेल्या सुट्या घासाच्या बियाण्यातून येते. उसाचे बेणे तीनदा पाहून, मूलभूत की पायाभूत विचारून घेणारा माणूस घासाचे बी मात्र धन्याच्या पोत्यातून ओंजळीने घेतो.

बियाणे पाहण्याची रीत सांगतो. चमचाभर बी पांढऱ्या कागदावर पसरावे. घासाचे बी पिवळसर, गुळगुळीत, राजम्याच्या आकाराचे असते. अमरवेलीचे त्याहून बारीक, गोलसर, मातकट आणि खरखरीत. संशय आला तर मखमलीच्या तुकड्यावर बी टाकून तुकडा तिरपा करावा. गुळगुळीत घासाचे बी घरंगळते, खरखरीत बी मखमलीला चिकटते. बी स्वच्छ करण्याची मोठी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. बरसीम पेरणाऱ्यांनी दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवून त्यात बी सोडावे. कासनीचे हलके बी वर तरंगते, ते काढून टाकावे आणि खाली बसलेले बी चांगल्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे. मीठ राहिले तर उगवण बिघडते.

गाजर गवताविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही, ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आता कुठे नाही ते विचारा. एक झाड दहा-पंधरा हजार बिया टाकते. हाताला खाज, दम्याची धाप आणि जनावराने खाल्ले तर दुधाला कडवटपणा. पाटाच्या कडेचे गाजर गवत कुणाचेच नसते, त्यामुळे ते सगळ्यांचे होते. पाटाचे पाणी बी वाहून नेते आणि शेवटच्या चारीवरच्या सभासदाच्या वाफ्यात सोडते. वरच्या अंगाच्या सभासदाने आपल्या हद्दीतील पाट फुलोऱ्याआधी साफ केला नाही, तर खालच्याने कितीही खुरपले तरी त्याची बायको वर्षभर वाकूनच राहणार. खुरपणीचे काम कोणाच्या कंबरेवर पडते हे पुरुष मंडळींनी बोलताना विसरू नये.

संचालक मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी लेखी मांडल्या आहेत आणि सभासदांनीही वार्षिक सभेत त्या बोलाव्यात असे वाटते. पहिली, ऊस बेण्याप्रमाणे राहुरीच्या आर. एल.-८८ सारख्या जातीचे प्रमाणित घासाचे बियाणे गट कार्यालयातून उधारीने द्यावे आणि उसाच्या बिलातून वळते करावे. दहा गुंठ्यांना अडीच किलो बी लागते. एवढ्या रकमेसाठी कारखाना अडत नाही आणि सभासदही बुडत नाही. काही संचालकांचे म्हणणे असे की, कारखान्याने उसाचे पाहावे, चाऱ्याचे दूध संघ पाहील. आम्हाला हे मान्य नाही. ज्याच्या गोठ्यात शेण आहे त्याच्याच उसाला खत आहे. दुसरी गोष्ट, पाटाच्या कडेची साफसफाई चारीवार ठरवून श्रावणात एकाच आठवड्यात करावी. तेव्हा जमीन ओली असते, मूळ सहज निघते आणि पुष्कळ झाडांना फूल यायचे असते. दिवाळीनंतर केली तर ती झाडलोट होते, तण नियंत्रण नव्हे.

हे ठरेपर्यंत ज्यांच्याकडे बी आणून ठेवलेले आहे त्यांनी पेरण्यापूर्वी मूठभर बी कागदाच्या पुडीत घालून गट कार्यालयात आणावे. पुडीवर आपले नाव, गाव आणि बी कुठून घेतले ते लिहावे. आमच्या प्रत्येक शेतकी मदतनिसाकडे भिंग आणि मखमलीचा तुकडा दिलेला आहे.